धुतलेलं कफन

मी एकदा एका जिवंत बाईचं कफन धुतलं. नुसतं पाण्यातून काढलं असं नाही. सोडा घालून उकळलं, धोंड्यावर आपटलं आणि पांढरं दिसावं म्हणून वर नीळही दिली.

हे लिहिताना मला हसू येतं. माझ्या सुनेला ते आवडत नाही. ती म्हणते, मरणाच्या गोष्टीत हसू नये. खरं आहे. पण त्या दिवशी लुगड्याचा काष्टा मारून, नाकातली नवी नथनी सांभाळत जी मुलगी ते कापड आपटत होती, तिला मी अजून चांगली ओळखते. अक्कल माहेरी पेटीत ठेवून ती सासरी आली होती. तिच्याकडे पाहून हसू नको तर काय करू?

माहेर माझं कारंज्याचं. आम्ही भोई, पण नदी पाहिलेले भोई नव्हे. आमची फुटाण्यांची भट्टी होती. वडील वाळूत हरभरा परतायचे, आई मुरमुरे काढायची, आणि धुरानं घर इतकं काळं झालं होतं की भिंतीला टेकून बसलेल्या पाहुण्याच्या पाठीवर भिंत उमटायची. म्हणूनच असेल, आई कपड्यांच्या बाबतीत फार कडक होती. माणसं काळी पडली तरी चालतील, धोतर पांढरं पाहिजे. ते मी तिच्याकडून शिकले. गल्लीतल्या बाया माझं धुणं दोरीवर पाहून थांबायच्या, आणि मी मुद्दाम दारात उभी राहायची. सासरी जाताना मी पितळी भांड्यांपेक्षा सोड्याची पुडी आणि निळीची वडी जास्त जपून नेली.

सासर पैनगंगेतल्या एका बेटावर. वाशीमपर्यंत मोटार, तिथून पुढं बैलगाडी आणि शेवटी डोंगा, म्हणजे एका झाडाच्या बुंध्यातून कोरलेली नाव. तेव्हा नदीच्या अलीकडं वऱ्हाड होतं आणि पलीकडं मोगलाई. राज्यं वेगळी, शाळेतली पुस्तकं वेगळी. बेट मधोमध. तलाठी इकडचाही येत नसे आणि तिकडचाही. एका अंगानं उथळ वाळू होती, उन्हाळ्यात गुरं चालत पार होत. दुसऱ्या अंगाला डोह. त्या डोहाला बारा महिने पाणी असायचं आणि बेटावरची माणसं त्याच्या जिवावर जगायची.

घरं मोजकीच. चढावर आम्हा भोयांची, उतारावर एका मनियाराचं, म्हणजे बांगड्या विकणाऱ्या मुसलमानाचं, आणि पलीकडच्या टोकाला गुरं राखणारं एक लमाणाचं. वडाखाली साती आसरांचे शेंदूर लावलेले धोंडे होते आणि त्याच वडाला पिराचं हिरवं निशाण बांधलेलं होतं. बुडी मारणारा माणूस पाण्यात उतरताना आधी आसरांना हात जोडायचा आणि मग "या मालिक" म्हणून नाक धरायचा. दोन्ही का, असं मी नवी असताना विचारलं होतं. सासरे म्हणाले, "पान्यात गेल्यावर कोन हात देईल ते वरून कसं सांगावं?"

पुरुष बुड्या मारून गाळात गेलेली भांडी, तुटलेली मोटेची चाकं, मेलेली जनावरं काढून देत. कधी माणूसही काढावं लागे. त्या दिवशी बेटावर कोणी चूल पेटवत नसे. बायका शिंपल्यांसाठी उतरत. शिंपल्या भाजून पानाला लावायचा चुना करायचा आणि तो बाजारात न्यायचा. खाली अंधार असतो. गढूळ पाण्यात, कपारीत शिरलं की वर कुठं आणि खाली कुठं हे माणसाला कळत नाही. म्हणून एकानं बुडी मारली की दुसरं काठावर बसून, दोन गोटे पाण्यात धरून एकमेकांवर वाजवत राहायचं. तो आवाज पाण्यातून लांबवर जातो. त्याच्या मागं आलं की आभाळ सापडतं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच आमचे हे पाण्यात गेले आणि वर येईनात. काठावर एक पोक्त बाई शांतपणे गोटे वाजवत पान चघळत होती. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "माहा नवरा बुडून राह्यला अन् तुमी खेळून राह्यल्या?" हात धरल्यामुळं आवाज थांबला. हे तोंडात पाणी जाऊन खोकत वर आले. बाई म्हणाल्या, "अब छोड मेरे हाताले. नवरा मिल गया ना?"

ही माझी आणि फुफूची ओळख.

फुफू म्हणजे मनियाराची विधवा. बेटावर लहानथोर सगळे तिला फुफूच, म्हणजे आत्या, म्हणत, तिचा स्वतःचा मुलगा सोडून. ती मोगलाईतल्या माणसांची. तिच्या बोलीत त्यांची दखनी आणि आमची वऱ्हाडी अशी कालवलेली असायची की एका वाक्यात दोनदा नदी ओलांडून व्हायची. बुडीही तिला येत होती. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या सासूनंच शिकवली, आणि तेव्हापासून दोघी जोडीनं उतरत. एक खाली, एक वर. सासू पाण्यात असली की गोटे फुफूच्या हातात, फुफू पाण्यात असली की सासूच्या. तरुणपणी दोघींचं एकदा बकरीवरून भांडण झालं आणि बरेच दिवस अबोला होता, पण बुड्या चालूच होत्या. सासू सांगायची, "बोलनं बंद होतं, दगड थोडेच बंद होते." पलीकडं निजामाचं राज्य पडलं आणि धामधूम झाली त्या वर्षी फुफूच्या माहेरची माणसं रातोरात वाळूतून बेटावर आली होती. काही आमच्या घरात राहिली, काही लमाणाच्या गोठ्यात. त्याबद्दल बेटावर फारसं कोणी बोलत नसे.

आता ठेवीचं सांगते, त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

पावसाळ्याआधी बेटावरचं प्रत्येक घर आपली एक, सगळ्यात मोलाची वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. आम्ही तिला ठेव म्हणायचो, मनियाराचं घर अमानत म्हणायचं. पूर आला की माणूस जीव घेऊन पळतं आणि स्वतःचं सामान टाकून देतं. दुसऱ्याचं मात्र टाकवत नाही, ते आधी उचलतं. या हिशेबानं आमच्या घरचे देवाचे चांदीचे टाक पावसाळाभर फुफूच्या कोनाड्यात असायचे. तेवढे महिने त्या कोनाड्याखाली तिच्या घरचं कोणी चप्पल काढत नसे. तिचं एक गाठोडं आमच्या जोंधळ्याच्या कणगीवर असायचं. दसऱ्याला ज्याचं त्याला परत. त्या वर्षी ही देवाणघेवाण झाली तेव्हा मी आखाडीला माहेरी गेले होते. दसऱ्याला फुफू तापानं खाटेवर होती, तिनं टाक मुलाच्या हाती पाठवून दिले आणि गाठोडं न्यायला मी स्वतः येईन म्हणून निरोप दिला. सासूनं मला एवढंच सांगितलं होतं, "ते फुफूचं हाय. हात लावजो नको."

दिवाळी तोंडावर आली. सासू-सासरे आणि आमचे हे चुना घेऊन बाजाराला गेले आणि घर माझ्या ताब्यात आलं. मी सारवलं, भांडी घासली, कणगी पुसायला हात वर केला तर गाठोडं. वरचं फडकं मळकं, आत पांढरं लांबलचक कापड, घडीवर पिवळी रेघ पडलेली आणि कुबट नव्हे पण कसला तरी उन्हासारखा जुना वास. मला वाटलं, फेटा. फुफूच्या नवऱ्याचा असावा. बिचारी आजारी, तिला धुणं कुठलं जमणार? हात लावू नको म्हणजे चोरू नको, हरवू नको. धुऊ नको असं काही सासू म्हणाली नव्हती. आणि एकदा का फुफूनं ते पांढरंशुभ्र पाहिलं की बेटावरही माझं नाव होईल. खरं कारण हेच होतं. दया वगैरे मी मागाहून जोडलेली आहे.

मी चुलीवर पाणी ठेवलं, सोडा घातला, चांगलं उकळलं. उथळ अंगाला गुरांनी पाणी नासवलं होतं, म्हणून डोहाकडच्या धुण्याच्या धोंड्यावर गेले. आपटलं, पिळलं, निळीच्या पाण्यात बुचकळलं. मग खळबळायला एक टोक हातात धरून ते वाहत्या पाण्यावर सोडलं. पाण्यावर ते असं लांब, सरळ उलगडत गेलं की मी नुसती पाहत राहिले. असं पांढरं मी कारंज्यातही काढलं नव्हतं. पाहता पाहता बोटं सैल झाली.

थोडं अंतर ते तरंगत गेलं. मग मधूनच खाली वाकलं, जसं कोणी आतून धरून ओढावं, आणि दोन्ही टोकं त्याच्या मागं गेली. मला पोहता येत नव्हतं. मी हात पुढं करून उभी राहिले, गाय बोलावताना करतात तसा.

आणि खरंच सांगते, मी घाबरले नाही. फेटा गेला, वाईट झालं, नवा आणू. घरी आले, पिठलं टाकलं. सगळे बाजारातून आले तेव्हा भाकरी वाढता वाढता मी म्हटलं, "आत्याबाई, फुफूचा फेटा धुवाले नेला होता, तो वाहून गेला. पुढच्या बाजारात नवा घेऊ."

सासूचा घास हातात राहिला. "कोन्ता फेटा वो?"

"कणगीवरचा."

ती उठली, कणगीपाशी गेली, मळकं फडकं उचलून पाहिलं आणि तिथंच खाली बसली. म्हणाली, "तो फेटा नव्हता, पोरी. तिचं कफन होतं ते."

"पन फुफू तं जिती हाय."

"म्हनूनच ठेवलं होतं ना."

मग मला कळलं. फुफूचा नवरा बांगड्या विकून विकून हजला गेला होता. मुंबईहून बोटीनं. तिथून त्यानं एकसारखी दोन कापडं आणली, जमजमच्या, म्हणजे मक्केतल्या पवित्र विहिरीच्या, पाण्यात स्वतःच्या हातानं भिजवून तिथल्या उन्हात वाळवलेली. एक त्याचं, एक हिचं. परत आल्यावर तो फार दिवस राहिला नाही. त्याला त्याच्या कापडात मातीला दिलं. फुफूनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मला दुसऱ्यात द्या आणि त्याच्या शेजारी ठेवा. तिला दुसरं काही मागायचं नव्हतं. आणि आता ती तापानं खाटेवर होती आणि ते कापड डोहात होतं.

सासरे म्हणाले, "सकायी पाहू. भेटलं तं बरंच हाय, नाई भेटलं तं मंग सांगू तिले. आजारी मानसाले काहून तरास?"

सासू म्हणाली, "ठेव बुडाली तं जिची हाय तिले पहिलं सांगाचं. मंग शोधाचं." आणि माझ्याकडं न बघता, "चाल."

फुफूच्या घरी कंदील लावत होते. मुलगा बांगड्या घेऊन गावोगाव गेलेला, सून चुलीपाशी. फुफू खाटेवर इतकी लहान दिसत होती की आधी मला वाटलं गोधडीच आहे. सासू खाटेजवळ जमिनीवर बसली.

"तुही ठेव डोहात गेली वो. माह्या सुनेनं धुवाले नेली होती."

फुफू आढ्याकडं पाहत राहिली. मी पदर तोंडात धरला होता. ती रागावली असती, तिनं शिव्या दिल्या असत्या, तर मी पाया पडून मोकळी झाले असते. तिनं एवढंच विचारलं, "कां से गया?"

"धुन्याच्या धोंड्यापासून."

ती डोळे मिटून विचार करत होती. मग म्हणाली, "तळाले नका पाहू. कपडा लोहा नई है, बैठता नई. इस मौसम में पानी हत्तीकडे जातं. हत्तीच्या पोटात जाके लटका होएंगा."

हत्ती म्हणजे डोहातला मोठा काळा खडक. त्याच्या खाली पोकळ कपार होती, तिला पोट म्हणत. तिथं शिंपल्या भरपूर, पण शक्यतो कोणी जात नसे. आत उजेड पोचत नाही, आणि तोंड अरुंद.

सासू उठली तेव्हा फुफू भिंतीकडं वळून म्हणाली, "मेरी कुछ घाई नई, बाई. पर मेरा भरोसा बी नई."

सकाळी उन्हाची तिरीप डोहावर आली तसे आमचे हे उतरले. मी काठावर. गोटे मी वाजवायचे, असं सासूनंच ठरवलं. मला वाटलं ही शिक्षा आहे. तसं नव्हतं, वाजवणारं दुसरं माणूस नव्हतं. सासू फुफूच्या उशाशी बसलेली, आणि बाकीचे भोई दिवाळीसाठी चुना विकत गावोगाव गेलेले. सासऱ्यांचे कान बुड्यांनी केव्हाच अधू झाले होते. जवळून बोललेलं कळे, पण पाण्यात वाजवलेलं त्यांना स्वतःला ऐकू येत नसे, ताल तुटला तरी कळत नसे. यांनी पुन्हा पुन्हा बुडी मारली. खडकाच्या कडेनं, मुळांतून, दगडांच्या खाचांतून हात घातला. हत्तीच्या पोटात खांद्यापर्यंत गेले आणि अडकून मागं आले. त्यांची छाती रुंद, त्या तोंडातून जाईना. ओठ निळे पडेपर्यंत ते करत राहिले. वर आले की माझ्याकडं पाहत नसत. दुसऱ्या दिवशीही तेच. मधल्या संध्याकाळी फुफूचा ताप वाढल्याचं तिची सून सांगून गेली. कापडाचं तिनं काही विचारलं नाही.

तिसऱ्या सकाळी सासूनं कमरेला दोर बांधला आणि लुगडं वर खोचलं. ती काटकुळी होती.

सासरे म्हणाले, "तू नोको. तुही जोडीदारीन खाटेवर पडली. दगड कोन वाजवंल?"

"सून हाय ना."

"हिले तिच्यावानी वाजवता येते का?"

"तिच्यावानी नसंल येत," सासू म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन बसली, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले, गोटे नीट धरवले. "घाई करजो नको. जात्यावर दळते तशी चाल ठेव. मी किती बी वेळ नाई दिसली तरी थांबजो नको. रडाचं असंल तं रड, हाताले रडू देजो नको."

तिनं आसरांना हात जोडले, मालिकाचं नाव घेतलं आणि गेली.

पाण्यावर बुडबुडे आले, हत्तीकडं सरकले आणि खडकाच्या कडेला संपले. ती आत गेली होती. मी वाजवत होते. पाणी गार होतं, बोटं असून नसल्यासारखी झाली, गोटा हातातून निसटतोय असं सारखं वाटत होतं. यांनी दोर हातात धरला होता, तो सैल. सासरे वाकून तळहात पाण्यावर ठेवून बसले होते, तव्यावर हात धरून ताप बघावा तसे. दोर तसाच सैल. मला वाटलं, आता एक कफन शोधायला गेलेल्या बाईला दुसरं लागणार, आणि तेही माझ्यामुळं. कारंज्याची सोड्याची पुडी, दोरीवरचं धुणं, दारात उभं राहून घेतलेली वाहवा, सगळं मला तिथं काठावर दिसलं आणि माझी मलाच शिसारी आली. डोळ्यातून पाणी चाललं होतं. हात एकदा चुकला.

"थांबू नको," हे म्हणाले. त्या तीन दिवसांत ते माझ्याशी बोललेले पहिले शब्द.

मी नाही थांबले.

सासू जिथं आम्ही पाहत होतो तिथं वर आलीच नाही. हत्तीच्या पलीकडून तिचं डोकं निघालं. यांनी उडी टाकून तिला काठाला आणलं. दंडाला पिळकटून ते कापड गुंडाळलेलं होतं. एका कानातून रक्त गळत होतं, मानेवरून पाण्याबरोबर पातळ होऊन चोळीत जात होतं. श्वास पुरेना तेव्हाही ती पहिलं बोलली ते हे, "फाटलं थोडं. कोपरा रायला आत."

आम्ही ते उलगडलं. एका बाजूनं शेवाळाचा हिरवा, दुसऱ्या बाजूनं माझ्या निळीचा निळा. पांढरं कुठंच नाही. कोपरा दातांनी तोडल्यासारखा.

आता माझी हुशारी पाहा. मी धावत घरी गेले आणि सुईदोरा घेऊन आले. म्हटलं, एवढं तरी नीट करून देते. सासू शेकोटीपाशी थरथरत बसली होती. तिनं माझ्या हातातून सुई काढून घेतली, स्वतःच्या पदरात खोचली आणि म्हणाली, "त्याइच्यात कफनाले टाका घालत नाहीत. बस तू आता. एक दिवस काहीच करू नको."

कापड सावलीत वाळवलं. सासूला ताप भरला होता, तरी तेवढं तिनं स्वतःच्या हातानं नेऊन दिलं. फुफूनं ते छातीवर घेतलं, नाकाशी नेलं, पुष्कळ वेळ तसंच ठेवलं. मग निळ्या बाजूवर बोट ठेवून विचारलं, "ये नीला कायकू?"

"इले इचार," सासू म्हणाली.

मी सांगितलं, नीळ दिली होती, पांढरं दिसावं म्हणून. फुफूनं माझ्याकडं पाहिलं. कापड उशाखाली गेलं.

तिचा मुलगा परत आला तेव्हा त्याला सगळं कळलं. तो भला माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाला, वाशीमच्या बाजारातून नवं कोरं आणतो, आणि कारंज्याला कोणा हाजीकडं जमजम असेल तर तेही मागून आणतो. फुफूनं नकोच म्हटलं. "वोच," एवढा एकच शब्द. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

सासूचा तो कान बरा झाला नाही. ती पुढं कितीतरी वर्षं जगली, पण पुन्हा बुडी मारली नाही, आणि माझ्याशी बोलताना कायम दुसरा कान पुढं करायची. माझ्या मुलांनी विचारलं की आजीला ऐकू का येत नाही, तर म्हणायची, "म्हातारपन." तेव्हा ती म्हातारीही नव्हती. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. मीही कधी सांगितलं नाही. आता सांगतेय.

फुफू होळीच्या आधी गेली. त्याच कापडात, कोपरा नसलेल्या, निळसर, आणि नवऱ्याच्या शेजारीच. तिला आंघोळ घालताना मनियाराच्या घरात, पडद्याआड तिच्या नात्यातल्या बायका होत्या आणि त्यांच्यात पाण्याचा तांब्या घेऊन मी होते. भोयाची सून तिथं कशी, असं पलीकडून आलेल्या एका बाईनं विचारलंही. फुफूच्या सुनेनं तिला काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. पण ते मला माहीत होतं, कारण काही दिवस आधीच एका दुपारी ते ठरलं होतं.

त्या दुपारी मी तिच्यासाठी कण्या घेऊन गेले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं, तिची सून अंगणात जोंधळे पाखडत होती. तिला बसतं करून मी एक एक घास देत होते आणि इतके दिवस मनात अडकलेलं शेवटी बोलले.

"फुफू, जमजम तं धुऊनच गेलं असंल ना?"

"तेरे सोड्याले एवढी ताकत हाय?"

मी पुढचा घास दिला. ती घास गिळत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "पानी का मैं नई बोलती. पानी अल्ला का है, वो जाने. उसमें वां के उन्हाची बास थी. तेरे फुफा के हात की. ते गेली."

मी वाटी खाली ठेवली. तिनं माझी समजूत काढली नाही. नाही म्हणाली नाही, जाऊ दे म्हणाली नाही. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या, त्यांच्याकडं बघत बसली. नंतर वाटीकडं हात केला, मी पुन्हा भरवू लागले. कण्या संपल्या, तोंड पुसलं, तिला आडवं केलं. मी निघाले तशी तिनं माझ्या पदराचं टोक धरलं आणि म्हणाली,

"मेरे कू आखरी नहलाने कू बायका येतील ना, तवा तू बी येजो. धोने की तुले भारीच हौस हाय."